‘थांबो’ नावाचा मुलगा

‘तोख्तासिन’ हे उझबेक पुरुषाचं नाव. ‘तोख्ता’ म्हणजे थांब, आणि ‘सिन’ हा प्रत्यय आपल्या ‘जगो’, ‘येवो’मधल्या ओकाराचं काम करतो. म्हणजे नाव झालं ‘थांबो’. आधीची मुलं दगावलेल्या घरात नव्या बाळाला हे नाव ठेवायची रीत होती. हा तरी थांबो! ‘तुर्सुन’ही त्यातलंच: राहो, टिको. जन्मभर जो कोणी हाक मारील, त्याच्या तोंडून आईबापांचं ते मागणं पुन्हा निघणार. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

उझबेक नावांत अरबी-फारसी नावंही भरपूर आहेत, पण मूळची तुर्की वळणाची नावं सरळ रोजच्या बोलीत बोलतात. ‘सोतिबोल्दी’ म्हणजे ‘विकत घेतला’. मूल खोटंखोटं दुसऱ्याला द्यायचं आणि पैसे मोजून परत आणायचं, म्हणजे मरणाची नजर चुकते, असा समज. ‘खुदोयबेर्दी’ म्हणजे देवाने दिला.

इंग्रजीतल्या मॅथ्यूचा अर्थही देवाची देणगीच, पण तो हिब्रूत. मार्गारेट म्हणजे मोती, तो ग्रीकमध्ये. एडवर्ड अस्सल इंग्रजी, ‘संपत्तीचा राखणदार’, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड या नावांपुढे जुनी नावं बहुतेक मागे पडली. ग्रेस, होप अशी थोडी सोडली, तर इंग्रजी नावांचा अर्थ झोपलेला असतो. कोशात पाहिल्याशिवाय तो जागा होत नाही.

दगडाचंच पाहा. पीटर म्हणजे ग्रीकमध्ये खडक, पण लंडनमध्ये पीटरला हाक मारताना कुणाला दगड आठवत नाही. उझबेक ‘तोशबॉय’मध्ये मात्र ‘तोश’ म्हणजे दगड हे पोरालाही कळतं. ताश्कंदमधला ‘ताश’ तोच. आणि आपला दगडू? त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. नवसाच्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू ठेवणारी आपली आजी आणि सोतिबोल्दीची आई एकाच भीतीने जागत होत्या.

जागा अर्थ टोचतोही. मुलींपाठोपाठ मुलगा व्हावा म्हणून उझबेक मुलीला ‘ओगिलॉय’ म्हणत. ‘ओगिल’ म्हणजे मुलगा, ‘ऑय’ म्हणजे चंद्र. या नावात निदान चंद्र तरी आहे. आपल्याकडे त्याच इच्छेपायी पोरीचं नाव ‘नकुशा’ ठेवलं. शाळेत रोज हजेरीला तिने ‘नकोशी’ ऐकायचं आणि वर ‘हजर’ म्हणायचं. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींचं समारंभाने पुन्हा बारसं झालं.