पार्श्वभूमी : पानिपत आणि आपले रोजचे बोलणे

“विश्वास ठेव” म्हटले की उत्तर तयार असते, “विश्वास तर पानिपतात गेला!” हा श्लेष अस्सल मराठी आहे, आणि त्यातला विश्वास खराखुरा होता: नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. 14 जानेवारी 1761 रोजी, पौष शुद्ध अष्टमीला, तो रणात गोळी लागून पडला.

पराभवाची पहिली बातमीही अलंकारातूनच आली. उत्तरेकडे कुमक घेऊन निघालेल्या नानासाहेबांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले. इतिहासकार ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचा मजकूर दिला आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सेनापती सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, खुर्दा म्हणजे नाव नसलेले शिपाई. पेढीवरच्या पत्राची ही भाषा इतक्या नेमकेपणाने प्राणहानी सांगते की वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले.

लोकांनी मात्र हिशेब वेगळा मांडला: सव्वा लाख बांगडी फुटली. व्याकरणाच्या पुस्तकात हे लक्षणेचे, म्हणजे शब्दशः अर्थ सोडून त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून येते. पण घरात जुन्या बायका बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. टाळलेले क्रियापद इथे मुद्दाम वापरले आहे. आणि ‘सव्वा’ तर दक्षिणेतला, नवसातला शुभ आकडा. शुभाच्या मोजमापाने वैधव्य मोजणारी ही ओळ मला मराठीतली सर्वांत जड ओळ वाटते.

‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचारही पानिपताच्या नावावर घालतात. ते पटत नाही. त्या काळी मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येई. शिवाय संक्रांतिदेवी ज्याला शिवते त्यावर संकट, ही पंचांगातली समजूत त्या वाक्प्रचाराला पुरेशी आहे.

‘भाऊगर्दी’चे नाते मात्र सदाशिवरावभाऊंशी जोडतात. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. गर्दीस मिळणे म्हणजे धुळीला मिळणे. पेशवाईच्या मराठीत ‘गर्दी’ला दंगल, कत्तल असाही अर्थ होता. आता निवडणुकीत इच्छुकांची भाऊगर्दी होते, आणि हरलेल्या पक्षाचे ‘पानिपत’ झाल्याचा मथळा दुसऱ्या दिवशी छापून येतो.