बेटाबेटांवरच्या सल्लागारांची परिषद: पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

पॅसिफिक महासागरातल्या दूरदूरच्या बेटांवर विद्यापीठांचे अकॅडमिक ॲडव्हायजर, म्हणजे विद्यार्थ्याला विषयनिवडीपासून पदवीपर्यंत वाट दाखवणारे सल्लागार, आपली प्रादेशिक परिषद ऑनलाइन भरवतात. कोविडमध्ये सगळं जग पडद्यावर गेलं, त्यातलंच हे एक, असं कुणालाही वाटेल. पण त्या भागात अशा बैठकांची मुळं १९७१ पर्यंत जातात. साताऱ्यात बसून त्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण तशा सल्लागाराची गरज आता आपल्या दारात उभी आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. एफवायला प्रवेश घेणाऱ्या मुलीसमोर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यवसाय-कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ) अशी बास्केटं, म्हणजे विषयांचे गट, येतात. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला गेलेलं असेल, तर तिनं विचारायचं कुणाला?

सल्लागार हे पद अमेरिकेतही असंच जन्माला आलं. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम होता तोवर सल्ल्याची गरज फारशी नव्हती. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि ऐच्छिक विषयांची पद्धत तिथं फोफावली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं १८७० च्या दशकातच प्राध्यापकांवर सल्लागाराची जबाबदारी टाकली. निवड वाढली तसा सल्लागार आला. तरी या कामाला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा मिळायला आणखी शंभर वर्षं लागली. १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन यांनी ‘सल्ला देणं हेही शिकवणंच आहे’ असा विचार मांडला. १९७७ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला सल्लागारांची पहिली राष्ट्रीय परिषद झाली आणि १९७९ मध्ये ‘नकाडा’ ही त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या प्रादेशिक रचनेत हवाई बेटं कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या जोडीला आहेत. म्हणजे परिषदेला जायचं तर बहुतेक वेळा समुद्र ओलांडणं आलंच.

हवाई विद्यापीठाचे दहा कॅम्पस आहेत: तीन विद्यापीठं आणि सात कम्युनिटी कॉलेजं, चार बेटांवर विखुरलेली. कवाई बेटावरच्या कॉलेजात दोन वर्षं काढून मुलगा होनोलुलूच्या मानोआ कॅम्पसला जातो, तेव्हा त्याचे कोणते क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, तिथं धरले जातील हे कवाईच्या सल्लागाराला आधीच माहीत असावं लागतं. मानोआतल्या विभागानं नियम बदलला आणि तो कवाईला कळलाच नाही, तर मुलाचं अख्खं सत्र वाया जाऊ शकतं. आणि गाठ घ्यायला मध्ये रस्ता नाही. बेटांना जोडणारी मोठी फेरीबोट २००७ मध्ये सुरू झाली आणि पर्यावरणविषयक खटल्यानंतर २००९ च्या मार्चमध्ये बंद पडली. त्यामुळे मुख्य प्रवास आजही विमानानंच.

समुद्राच्या या अडचणीतून हवाईत दोन विलक्षण गोष्टी घडल्या, दोन्ही १९७१ मध्येच. पहिली ‘अलोहानेट’. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे टर्मिनल मानोआच्या संगणकाशी रेडिओनं जोडले. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले, तर दोघांनी वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे, हा तिथला साधा नियम पुढं इथरनेटच्या, म्हणजे संगणक तारेनं जोडण्याच्या पद्धतीच्या, पायाशी गेला. दुसरी ‘पीससॅट’. नासाच्या एटीएस-१ या जुन्या उपग्रहाचा उपयोग करून मानोआ आणि हिलो कॅम्पसमध्ये आवाजाचा दुवा जोडला गेला, आणि मग न्यूझीलंड, फिजी अशी एकेक ठिकाणं त्यात आली. यंत्रं स्वस्तातली होती. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, बोलणं संपलं की तसं सांगून दुसऱ्याला वाट द्यायची. शिक्षक, परिचारिका, ग्रंथपाल अशा पद्धतीनं समुद्रापलीकडच्या आपल्यासारख्यांशी बोलत होते. १९८५ मध्ये उपग्रह निकामी होईपर्यंत हे चाललं.

फिजीतल्या सुव्हा इथं १९६८ मध्ये स्थापन झालेल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठानं याच उपग्रहावर आपलं जाळं उभारलं. हे विद्यापीठ बारा देशांच्या मालकीचं आहे आणि त्याचा पसारा सुमारे ३ कोटी ३० लाख चौरस किलोमीटर समुद्रावर आहे. दुवा तुटला की काय होतं, तेही या भागानं पाहिलंय. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगाची समुद्राखालची केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला.

अशा परिषदेची वेळ ठरवणं हेच मुळात एक काम असतं. होनोलुलूत सोमवारी सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा सुमारे ६,१०० किलोमीटरवरच्या ग्वाममध्ये मंगळवारची पहाट असते, पाच वाजलेले. अमेरिकन सामोआत सोमवारचे आठ, आणि शेजारच्याच स्वतंत्र सामोआत मंगळवारचे आठ. या सामोआनं २०११ मध्ये वाररेषा, म्हणजे जिथं तारीख बदलते ती रेषा, ओलांडताना ३० डिसेंबर हा दिवसच कॅलेंडरातून वगळला होता. होनोलुलूचा शुक्रवार ग्वामचा शनिवार होतो, म्हणजे तो दिवस गेला. होनोलुलूची दुपार धरली तरच ग्वामच्या माणसाला सकाळी कामावर येऊन बसता येतं.

आपल्याकडे दूरशिक्षणाची परंपरा तेवढीच जुनी आहे, फक्त तिचं वळण निराळं आहे. त्याच मालिकेतल्या एटीएस-६ उपग्रहावरून १९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा टीव्हीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २,४०० गावांनी टीव्ही पाहिला. बोलणारा दिल्लीत किंवा अहमदाबादेत, गाव ऐकणारं. बेटांवरच्या माणसांना मात्र एकमेकांशी बोलायचं होतं, म्हणून त्यांचा दुवा सुरुवातीपासून दुतर्फा राहिला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावानं मुक्त विद्यापीठ झालं. देवराष्ट्रेत जन्मलेल्या, कराडात वाढलेल्या नेत्याचं नाव त्याला आहे, हे सातारा-सांगलीकर अभिमानानं सांगतात. त्याच्या अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक, म्हणजे तिथला मार्गदर्शक शिक्षक, विद्यार्थ्याशी बोलतो, पण दोन केंद्रांवरच्या संमंत्रकांनी आपसात बोलायची तशी रीत आपल्याकडे रुजली नाही.

त्याआधीचा आपला सल्लागार वसतिगृहात होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत. १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आलं. शिक्षण घराच्या ऐपतीबाहेरचं असेल तर वाट कशी काढायची, हे सांगणारी माणसं त्या वातावरणात होती.

आणि बेटं म्हणाल तर तीही आपल्याकडे आहेत. कोयना धरणाचं पाणी साठलं आणि कांदाटी खोऱ्यातली गावं पलीकडे राहिली. तापोळा, बामणोलीहून लाँचनं जावं लागतं. जावळीतल्या खिरखिंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, याची मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. त्या मुली कॉलेजला येतील तेव्हा क्रेडिट, एबीसी आयडी (श्रेयांक साठवणाऱ्या बँकेतला विद्यार्थ्याचा क्रमांक), एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची मुभा, हे सगळं त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवं.

हे सांगणारा मेंटॉर शिक्षक महाबळेश्वरात एकटा असतो आणि जतलाही एकटाच. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतल्या या दोन टोकांच्या माणसांनी कोल्हापूरला एकत्र यायचं म्हटलं तर पूर्ण दिवस मोडतो. वाररेषेचा प्रश्न आपल्याला नाही, घड्याळ एकच आहे. महिन्यातून एक तास, मोबाइलवरून, पीससॅटच्या नियमानं: एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग पुढच्यानं. कॉलेज बदललेल्या मुलाचे कोणते क्रेडिट धरले जातात आणि कोणत्या मेजरबरोबर कोणता मायनर आपल्याकडे खरोखर शिकवला जातो, एवढ्या दोन प्रश्नांनी सुरुवात करता येईल.