‘नांदेड 44’ ते बीटीचे पाकीट : कपाशीचा वाण विद्यापीठातून बाजारात कसा गेला

परभणीच्या कृषी विद्यापीठात दरवर्षी 18 मेला, स्थापना दिनी, खरीप मेळावा भरतो आणि बियाणे विक्रीही सुरू होते. उन्हं चढायच्या आत मराठवाड्यातले शेतकरी रांगेत उभे राहतात, बीडीएन 711 तूर किंवा एमएयूएस 612 सोयाबीनची पिशवी घेऊन घरी जातात. कपाशीचे मात्र तसे नाही. कपाशी लावायची म्हटली की तोच शेतकरी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन खासगी कंपनीचे पाकीट मागतो. याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्राची ‘नांदेड 44’ एके काळी कोरडवाहू रानातली हक्काची कपाशी होती, हे आज तरुण पोरांना सांगावे लागते.

ही गोष्ट सुरू होते सुरतेत. तिथल्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये ‘एच-4’ दिली. व्यापारी लागवडीत आलेला कपाशीचा हा जगातला पहिला संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून केलेला वाण. पाठोपाठ 1972 मध्ये धारवाडहून डॉ. कटारकी यांची ‘वरलक्ष्मी’ आली. दोन्ही सरकारी संशोधनातून आलेल्या.

संकरित सरकी कशी तयार होते हे एकदा तरी बियाण्याच्या प्लॉटवर उभे राहून पाहावे. दुपार कलली की बायका ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, वर लाल कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल तोडून त्या स्त्रीकेसरावर फिरवायचे. एका बोंडामागे एवढी मेहनत, आणि प्लॉटमध्ये अशा हजारो कळ्या. हे तंत्र इथे परवडले ते बायकांची आणि कोवळ्या मुलींची मजुरी स्वस्त होती म्हणून. संकरित कपाशीच्या यशाचे श्रेय वाटताना त्यांचे नाव घ्यायचे नेहमी राहून जाते.

संकरित वाणाची दुसरी खुबी अशी की त्याची घरची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तो जोम राहत नाही. म्हणजे नर आणि मादी वाण ज्याच्या हाती, बियाणे त्याच्या हाती. विद्यापीठाने हे दोन मूळ वाण कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायचे, हस्तांतराचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

सुरुवातीला तो प्रश्न कोणाला पडलाच नाही. राज्यात राहुरीचे विद्यापीठ 1968 मध्ये, अकोल्याचे 1969 मध्ये, परभणी आणि दापोलीचे 1972 मध्ये सुरू झाले. 1976 मध्ये अकोल्यात महाबीज, म्हणजे राज्याचे बियाणे महामंडळ, स्थापन झाले. विद्यापीठाने पैदासकार बियाणे, म्हणजे वाणाचे अगदी मूळ शुद्ध बियाणे, द्यायचे, महाबीजने त्याचे पायाभूत आणि मग प्रमाणित बियाणे करून विकायचे, अशी सरळ वाट होती. खासगी कंपन्यांनाही सार्वजनिक संस्थांचे पैदासकार बियाणे मिळत असे. परवाना शुल्क, स्वामित्वधन (रॉयल्टी) हे शब्द विद्यापीठाच्या फायलीत अजून यायचे होते. शेतकऱ्याला वाण मिळाला म्हणजे काम झाले, अशी ती भावना होती, आणि मला ती आजही चुकीची वाटत नाही. याच वाटेने 1980 च्या दशकात नांदेडची एनएचएच 44, म्हणजेच आपली ‘नांदेड 44’, आणि अकोल्याची पीकेव्ही हायब्रीड-2 गावोगाव पोचली.

दुसरीकडे जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्येच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. प्लॉटधारक शेतकरी, विक्रेते, उधारीची साखळी हे सगळे खासगी कंपन्यांनी हळूहळू बांधले. 1988 च्या बियाणे धोरणाने त्यांना आणखी मोकळे रान मिळाले.

मार्च 2002 मध्ये महिकोच्या तीन बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या, संकरित वाणांना केंद्राची परवानगी मिळाली आणि प्रवाह उलटा फिरला. जनुक मोन्सँटो या अमेरिकन कंपनीचे. ते महिको-मोन्सँटो या संयुक्त कंपनीमार्फत चाळीसहून अधिक कंपन्यांना परवान्यावर गेले. 450 ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास पडायचे आणि त्यातला मोठा भाग जनुकाच्या शुल्काचा असायचा. आंध्र सरकार भांडले तेव्हा कुठे 2006 मध्ये किंमत साडेसातशेवर आली. महाराष्ट्रानेही 2009 मध्ये कापूस बियाण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पण विद्यापीठाच्या वाणात जनुकच नव्हते. बोंडअळीने दोनदा हात पोळलेला शेतकरी बिगर-बीटी पाकिटाकडे कशाला बघेल? काही वर्षांत नांदेड 44 दुकानातून दिसेनाशी झाली.

सार्वजनिक संस्था अगदीच गप्प बसल्या नव्हत्या. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे बीटी रूप तयार केले. 2008 मध्ये मंजुरी, 2009 मध्ये विक्री. सरकी घरी ठेवून पेरता येईल असा हा बीटी होता. पण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश सापडला, विक्री थांबली, चौकशी समिती बसली. या एका घटनेने सार्वजनिक कापूस संशोधनाची पत जेवढी गेली तेवढी दुसऱ्या कशाने गेली नसेल.

दरम्यान कागदपत्रांची बाजू उभी राहत होती. 2001 चा पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, 2006 ची भारतीय कृषी संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे. आता वाण देताना सामंजस्य करार होतो, शुल्क ठरते. अकोला आणि परभणीने महाबीजच्या साथीने आपल्या जुन्या संकरित वाणांत बीजी-2, म्हणजे बीटीची दोन जनुकांची पुढची पिढी, आणले. पण त्याच सुमारास, 2017 च्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने बीजी-2 लाही जुमानले नाही.

अलीकडे परभणीने एनएच 1901, 1902 आणि 1904 हे बीटी सरळ वाण दिले आहेत. त्यांची सरकी जिनिंगवरून परत आणून, शेणमातीत घोळून, पुढच्या मृगात पेरता येते. अडचण तीच आहे. जो शेतकरी दुसऱ्या वर्षी दुकानात येणार नाही, त्याच्यासाठी बियाणे वाढवायला कंपनी उत्सुक नसते, आणि पैदासकार बियाण्यापासून लाखो पाकिटांपर्यंतचा पल्ला विद्यापीठाला एकट्याने झेपत नाही.