लोणारला मुक्कामाला येताय? खोली घेण्याआधी एवढं वाचा

आमचं लॉज बारा खोल्यांचं. काउंटरवरच्या अभिप्रायाच्या वहीत पाहुणे कौतुक लिहितात, आणि तेवढ्याच वेळा लिहितात, "हे आधी सांगायचं होतं." म्हणून आता आधीच सांगतो.

सगळ्यात जास्त हिरमोड होतो तो गुलाबी पाण्याचा. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं होतं, हे खरं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. पाऊस झाला, रंग गेला. एरवी पाणी हिरवट असतं. तरी मोबाइलमधला तो फोटो दाखवून "हे कुठे आहे?" विचारणारे पाहुणे अजून येतात. त्यांना आम्ही चहा देतो आणि हळदीची पुडी देतो. सरोवराचं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की त्यात हळद कालवली की ती लाल होते. मुलांना हे गुलाबी तळ्यापेक्षा जास्त आवडतं, असा आमचा अनुभव. त्या पाण्यात उतरू मात्र नका.

सरोवर ज्या विवरात, म्हणजे उल्का आदळून झालेल्या खड्ड्यात आहे, ते काठापाशी सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम निघतो. उन्हाळ्यात नऊनंतर खाली गेलेले पाहुणे दुपारी नुसते झोपून काढतात. पहाटे निघा, पाण्याच्या बाटल्या घ्या, जंगलाचा भाग आहे म्हणून वाटाड्या सोबत ठेवा. गुडघे दुखत असतील तर खाली जायचा हट्ट नको. काठावरची गोमुखाची धार आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर निवांत पाहता येतं. खाली खारं तळं आणि काठावर गोमुखातून पडणारी गोड्या पाण्याची धार, हे बघून एक आजी म्हणाल्या होत्या, "देवाने सोय केलीय बघ."

आता खोलीचं. नळाला बोअरचं जड पाणी आहे, साबणाला फेस कमी येतो. साबण खराब नाही. प्यायला जारचं पाणी प्रत्येक मजल्यावर आहे. गरम पाणी सोलरचं, सकाळी 6 ते 9. ढगाळ दिवशी बादलीने पोचवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी नाही. लग्नसराईत रस्त्याकडच्या खोल्यांना वरातीचा आवाज येतो. झोप सावध असेल तर मागची खोली मागा. तळमजल्यावर कमोडच्या दोन खोल्या आहेत. वयस्कर माणूस सोबत असेल तर फोनवरच सांगा.

खोली सकाळी 10 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 10. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, नवरा-बायको असले तरी दोघांचं. यावरून वाद होतात, पण रजिस्टर पोलीस तपासतात, आमचा इलाज नाही.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून लोक मेहकरला उतरून रात्री अकरालाही येतात, आणि उपाशी येतात. आमच्याकडे हॉटेलसारखं तयार जेवण नसतं. भाकरी, पिठलं, भरीत, ठेचा घरचीच माणसं करतात. संध्याकाळी सहापर्यंत ताटांचा आकडा कळवा. उशीर झाला तर खिचडी मिळेल, भाकरीचं वचन देत नाही.