हॉलमधली विजेची शेकोटी: वॅट शेवटी पाहावेत

मुंबई परिसरातील थंडीचा उच्चांक म्हणून सांताक्रूझ वेधशाळेतील २२ जानेवारी १९६२ ची ७.४ अंश सेल्सिअस ही नोंद सांगितली जाते. तो अपवाद होता. ठाण्यात किंवा नवी मुंबईत जानेवारीच्या पहाटे पारा एरवी १५ ते २० अंशांच्या आसपास असतो. खाडीकाठच्या वाशी-ऐरोलीपेक्षा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी गारठा थोडा अधिक जाणवतो, इतकेच. तरीही टीव्हीच्या भिंतीत इलेक्ट्रिक फायरप्लेस, म्हणजे काचेमागे ज्वाळा दाखवणारी विजेची शेकोटी, बसवून घेण्याची हौस आता घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंत दिसू लागली आहे. हौसेला हरकत नाही. मात्र दुकानात गेल्यावर ‘हीटर किती वॅटचा आहे?’ हा प्रश्न पहिला विचारला जातो, आणि आपल्या हवेत तोच सर्वांत शेवटी विचारण्याजोगा आहे.

या यंत्रातील हीटर आणि ज्वाळा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. उष्णता देणारा भाग म्हणजे बहुधा निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, नायक्रोमची, तार किंवा सिरॅमिकचा एलिमेंट, आणि त्यावरून हवा ढकलणारा छोटा पंखा. अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये या मिश्रधातूचे पेटंट घेतले. तापल्यावर तिच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तो आतील धातूला पुढे जळू देत नाही, म्हणूनच लाल होऊनही ही तार वर्षानुवर्षे टिकते. तारेत शिरलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णताच होते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा. महागड्या शेकोटीतून तेवढीच मिळणार आणि कोपऱ्यातल्या साध्या हीटरमधूनही तेवढीच. त्यामुळे ‘वीज वाचवणारा हीटर’ ही जाहिरात वाचून पान उलटावे. खरी बचत हवी असेल, तर गरम हवाही देणारा इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून आणतो आणि एका युनिटमागे साधारण तीन युनिटइतकी उष्णता देऊ शकतो.

आता हॉलचा हिशेब पाहू. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ५१ घनमीटर, म्हणजे साठ किलोच्या आसपास हवा असते. ती एक अंशाने तापवायला सुमारे ६० हजार ज्यूल लागतात, आणि १५०० वॅटचा हीटर ते चाळीस सेकंदांत देतो. प्रत्यक्षात भिंती, लादी आणि सोफा बरीच उष्णता गिळतात व सरकत्या खिडक्यांच्या फटींतून काही निसटते, म्हणून वेळ कितीतरी अधिक लागतो. तरीसुद्धा १८ अंशांच्या खोलीत एक हजार वॅटही पुरतात. हीटर खोलीतील प्राणवायू खातो, ही समजूत मात्र विजेच्या बाबतीत निराधार आहे, कारण येथे ज्वलनच होत नाही. प्राणवायू खाते ती कोळशाची शेगडी, आणि बंद खोलीत ती कार्बन मोनॉक्साइडही सोडते.

बिलाकडे पाहिले की वॅटचे महत्त्व आणखी कमी होते. दोन हजार वॅट रोज तीन तास चालवले, तर महिन्याला १८० युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. एरवी २०० युनिट वापरणारे कुटुंब या एका हौसेपायी ३०० च्या वरच्या टप्प्यात जाऊन बसते. उलट हीटर बंद ठेवून नुसत्या ज्वाळा पाहिल्या, तर वीस वॅटच्या एलईडी रोज चार तास लावूनही महिन्याला अडीच युनिटसुद्धा होत नाहीत. म्हणून ज्वाळा आणि हीटर यांची बटणे स्वतंत्र आहेत ना, ही खात्री सगळ्यात आधी करावी. आपल्याकडे वर्षातले निदान अकरा महिने हे यंत्र दिवा म्हणूनच वापरले जाणार आहे.

दिवाच घ्यायचा, तर तो डोळसपणे घ्यावा. खऱ्या आगीचा पिवळा-केशरी रंग तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे येतो, आणि तिची हालचाल ठरते ती वर जाणाऱ्या गरम वायूंमुळे. हे वायू भोवतालची थंड हवा आत ओढतात, काठाशी भोवरे तयार होतात आणि ज्वाळा ठरावीक अंतराने उसळते. आग जितकी रुंद, तितकी ही उसळी संथ असते: मेणबत्तीएवढी ज्योत वाऱ्याविना फडफडू लागली तर सेकंदाला दहा-बारा वेळा फडफडते, तर फूटभर रुंद आग जेमतेम अडीच-तीन वेळा उसळते. आपण हे कधी मोजत नसलो तरी डोळ्यांना ते ठाऊक असते, आणि स्वस्त यंत्रातील घाईघाईने लवलवणाऱ्या ज्वाळा त्यामुळेच खोट्या वाटतात. बऱ्याच यंत्रांत चकचकीत पट्ट्या लावलेला एक दांडा फिरत असतो आणि त्यावरून परावर्तित झालेला एलईडीचा प्रकाश अर्धपारदर्शक पडद्यावर नाचतो. काहींत सरळ स्क्रीनवर चित्रफीत चालते. दुकानात ज्वाळेच्या एकाच जिभेवर नजर ठेवून दोन मिनिटे उभे राहावे, म्हणजे तीच हालचाल किती वेळाने परत येते ते कळते. विक्रेत्याला दुकानातले दिवे लावायलाही सांगावे. अंधारात सगळ्याच ज्वाळा सुंदर दिसतात. घरी मात्र समोरच्या बाल्कनीचे प्रतिबिंब काचेवर पडणार असते.

तिसरा प्रकार पाण्याच्या धुक्याचा. त्यात कंप पावणारी चकती पाण्याचे बारीक तुषार उडवते आणि खालून पडणाऱ्या प्रकाशात ते धुरासारखे दिसतात. दिसायला हा सर्वांत देखणा असला, तरी ठाण्यासाठी मी तो सुचवणार नाही. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांकडे जाते, तेव्हा हे तुषार लवकर विरत नाहीत आणि फर्निचरवर ओल धरते. टँकरचे जड पाणी भरल्यास क्षारांची पांढरी पूड जमते, आणि टाकीत साचून राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

वायरिंगकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नये. २३० व्होल्टवर दोन हजार वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे टीव्हीसाठी काढलेला ६ अँपिअरचा पॉइंट त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, हवा. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता चौपट होते, आणि ढिल्या जोडणीत उष्णता एकाच बिंदूवर साठते. हीटर अर्धा तास चालवून बंद करावा, मग प्लग काढून बाहेरून हात लावून पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल किंवा सॉकेटची पट्टी तपकिरी पडू लागली असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला उशीर करू नये.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह तर टाळावाच. तेथील १२० व्होल्टचा १५०० वॅटचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर वॅट व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो साडेपाच हजार वॅटकडे धाव घेईल आणि एमसीबी पडला नाही तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी त्याचे धूड ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

भिंतीत कोनाडा खोदण्याचा विचार बहुतेक नव्या टॉवरांत सोडूनच द्यावा. मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती इमारतीचा भार वाहतात. त्या फोडण्याची परवानगी सोसायटी देणार नाही आणि देऊही नये. जुन्या इमारतींतील चार इंची विटांच्या भिंतीत तेवढी खोलीच नसते. उपाय म्हणजे पुढे सहा-आठ इंचांची खोटी भिंत उभारणे, आणि ती प्लायवूडऐवजी जिप्सम बोर्डाची करणे. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो, आणि तापल्यावर ते पाणी सुटताना बरीच उष्णता शोषून घेते. प्लायवूडमधील गोंद मात्र उष्णतेने फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू अधिक सोडतो. वर टीव्ही टांगायचा असेल तर गरम हवा समोर फेकणारे मॉडेल घ्यावे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील कपॅसिटरचे, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या सुट्या भागांचे, आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

सुताराला एक बाजू स्क्रूने उघडता येईल अशी करायला सांगावी, कारण पंखा आणि जाळी आज ना उद्या साफ करावीच लागते. पावसाळाभर बंद राहिलेल्या यंत्रात धूळ, कोळिष्टके, प्रसंगी पालीची अंडीही सापडतात. डिसेंबरात पहिल्यांदा हीटर लावण्याआधी ती काढून टाकावीत. तरीही पहिली काही मिनिटे धूळ करपल्याचा वास येतो आणि तो आपोआप जातो. प्लॅस्टिक वितळल्यासारखा वास येत राहिला, तर एमसीबी खाली पाडून ती बाजू उघडावी.