‘ख्रिश्चन की कॅथलिक?’ : मुंबईतल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

भाड्याचं घर बघताना, शाळाप्रवेशाच्या रांगेत, ऑफिसात डबा खाताना, मुंबईत हा प्रश्न कधी ना कधी कानावर येतोच : ‘तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?’ तर्काच्या चौकटीत तो ‘तुम्ही मराठी की मालवणी?’ या जातीचा आहे. कॅथलिक हे ख्रिस्तीच, आणि जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी जवळपास निम्मे तेच. तरी विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही, कारण उत्तर देणारेही पुष्कळदा ‘आम्ही कॅथलिक’ एवढंच सांगतात आणि ‘ख्रिश्चन’ हा शब्द दुसऱ्या कुणासाठी शिल्लक ठेवतात. म्हणजे ज्यांच्याकडे फादरऐवजी पास्टर असतो, मारियामातेची मूर्ती नसते, प्रार्थनेत टाळ्या आणि गिटार असते, त्यांच्यासाठी. हल्ली त्यांना ‘बिलीव्हर’ असंही म्हणतात, जणू बाकीचे काही मानतच नाहीत.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र नेमका उलटा आहे. ‘कॅथोलिकोस’ म्हणजे सार्वत्रिक, सगळ्यांना सामावणारा. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) बिशप इग्नेशियस याने आपल्या एका पत्रात तो चर्चसाठी वापरला, आणि इ.स. ३८१च्या श्रद्धासूत्रात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या जाहीरनाम्यात, ‘एक, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय’ अशी चर्चची ओळख पक्की झाली. १०५४च्या सुमारास पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस आणि रोम वेगळे झाले. १५१७ नंतर ल्यूथरच्या बंडातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. पण श्रद्धासूत्रातला तो शब्द बहुतेकांनी सोडला नाही. अँग्लिकन माणूसही ‘कॅथलिक चर्चवर माझा विश्वास आहे’ असं दर रविवारी म्हणतोच. म्हणून इंग्रजांनी पोपला मानणाऱ्यांच्या मागे ‘रोमन’ हे विशेषण लावलं.

हे झालं युरोपचं. मुंबईत गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते.

१५३४मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्यासोबत मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोळी, आगरी, भंडारी, सामवेदी, वाडवळ अशा अनेक समाजांतले लोक ख्रिस्ती झाले. त्यांचा शब्द होता ‘किरिस्तांव’, पोर्तुगीज ‘क्रिस्तांव’वरून आलेला. ख्रिस्ती म्हणजे पोपला मानणारा हे गृहीतच होतं, कारण दुसऱ्या प्रकारचा ख्रिस्ती इथे कुणी पाहिलाच नव्हता. जिथे एकच गाव आहे तिथे गावाला नाव कशाला लागतं? नावाची गरज पडली ती शेजारी आला तेव्हा.

शेजारी आला लग्नातून. २३ जून १६६१च्या करारात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्यासोबत मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. बेटं प्रत्यक्ष ताब्यात आली १६६५मध्ये, आणि १६६८मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. रहिवाशांना रोमन कॅथलिक धर्म मोकळेपणाने पाळता येईल, असं वचन त्या करारातच होतं. माझ्या मते मुंबईत ‘कॅथलिक’ ही वेगळी ओळख जन्मली ती इथे. राजा ख्रिस्ती, प्रजा ख्रिस्ती, आणि तरीही प्रजेच्या धर्माला संरक्षण लिहून द्यावं लागलं.

१७१८च्या नाताळात फोर्टात अँग्लिकनांचं सेंट थॉमस चर्च उघडलं. दोनच वर्षांनी, १७२०मध्ये, कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेटाबाहेर काढलं आणि त्यांची चर्चेस रोमने थेट नेमलेल्या कार्मेलाईट संन्याशांच्या हवाली केली. वाद श्रद्धेचा नव्हता. पाद्री गोव्याच्या आर्चबिशपचे, म्हणजे शेवटी पोर्तुगालच्या राजाचे, याची कंपनीला धास्ती होती. इथून कॅथलिकांतच दोन तट पडले. पोर्तुगीज राजाच्या धार्मिक हक्काला मानणारा ‘पाद्रोआदो’, आणि रोमच्या धर्मप्रसार खात्याखालचा ‘प्रोपागांडा’. १७९४मध्ये सरकारने धर्मग्रामच (म्हणजे एकेका चर्चखालचे विभाग, पॅरिश) दोघांत वाटून दिले.

या भांडणाचा कळस माहीमला झाला. आज दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन जातात, त्याच सेंट मायकल चर्चमध्ये १८५३ साली प्रोपागांडाचे बिशप हार्टमन काही दिवस अक्षरशः वेढ्यात अडकून पडले होते. बाहेर होते तेही कॅथलिकच. ज्यांना आपण आज एकगठ्ठा ‘कॅथलिक’ म्हणतो, त्यांना तेव्हा ‘कुठल्या बाजूचे?’ हा प्रश्न ‘ख्रिश्चन की कॅथलिक?’पेक्षा कितीतरी तातडीचा होता. दुहेरी कारभार संपला तो थेट १९२८मध्ये. तडजोडही गमतीची होती : मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश. व्हॅलेरियन ग्रेशस १९५०मध्ये आर्चबिशप झाले, तेव्हा पहिल्यांदा भारतीय माणूस त्या जागेवर आला. १९५३मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले.

नावाचा घोळ आणखी एका अंगाने वाढला. इंग्रजी दप्तरात इथल्या मूळच्या कॅथलिकांची नोंद ‘पोर्तुगीज’ अशी व्हायची. दादरच्या चर्चला आपण अजून ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो, तो त्याच सवयीचा अवशेष. एकोणिसाव्या शतकात गोव्याचे आणि मंगळूरचे कॅथलिक नोकऱ्यांसाठी मुंबईत आले. तेव्हा घरात मराठीची बोली बोलणाऱ्या, नऊवारी लुगडं नेसणाऱ्या इथल्या मूळच्या कॅथलिकांना आपण त्यांच्याहून वेगळे आहोत हे सरकारला पटवायचं होतं. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, त्यांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या भूमिपुत्रांचं नाव ‘ईस्ट’! आणि गोवन, मंगळूरी, ईस्ट इंडियन या तिन्ही नावांत धर्म कुठेच नाही. तो तिघांचा एकच असल्यामुळे सांगायची गरज नव्हती.

प्रॉटेस्टंट मराठी माणूस याच शहरात दुसऱ्या दाराने आला. १८१३मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले, १८२९मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन. शाळा, छापखाना, ‘ज्ञानोदय’सारखं नियतकालिक, ही त्यांची हत्यारं. बाबा पदमनजी १८५४मध्ये ख्रिस्ती झाले, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये मुंबईतच झाला. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोक्यातला ‘ख्रिस्ती’ हा टिळकांचा, लक्ष्मीबाईंचा, पंडिता रमाबाईंचा, म्हणजे प्रॉटेस्टंट. आणि ‘कॅथलिक’ म्हणजे हिंदी सिनेमातली बांद्र्याची सँड्रा, फ्रॉक घालून मोडकं हिंदी बोलणारी. ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचणारा फादर स्टीफन्स जेझुइट, म्हणजे पक्का कॅथलिक होता आणि ते पुराण १६१६ सालचं आहे, हे आपण सोयीने विसरतो.

दोन दारांमुळे दोन मराठी तयार झाल्या. कॅथलिकांकडे फादर, मिस्सा (म्हणजे त्यांची मुख्य उपासना), स्नानसंस्कार, ख्रिस्तसभा, धर्मग्राम. प्रॉटेस्टंटांकडे पाळक, उपासना, बाप्तिस्मा, मंडळी. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या ‘पवित्र शास्त्रा’त ६६. गावठाणाच्या नाक्यावर झेंडूची माळ घातलेला क्रूस दिसला तर तो कॅथलिकांचाच समजावा; १८९६च्या प्लेगच्या काळात मुंबईत असे कितीतरी क्रूस उभे राहिले. सरकारनेही फरक जपला. १८७२च्या ख्रिश्चन विवाह कायद्याने रोमन कॅथलिकाची व्याख्याच ‘रोमच्या पोपला धर्मप्रमुख मानणाऱ्या चर्चचा’ अशी केली. याउलट जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात सगळे एकच, ‘ख्रिश्चन’.

पण ‘रोमन’ हे विशेषणही सगळ्यांना बसत नाही. मुंबईतल्या मल्याळी सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ते पोपला मानतात, पण त्यांची उपासना लॅटिन परंपरेची नाही, सिरियन परंपरेची आहे. त्यांना ‘रोमन कॅथलिक’ म्हटलं की ते नम्रपणे दुरुस्ती करतात.

इतर ख्रिस्ती लोकांकडे बघण्याची रोमची अधिकृत नजर बदलली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत. २१ नोव्हेंबर १९६४च्या आज्ञापत्रात प्रॉटेस्टंटांना पाखंडी न म्हणता ‘दुरावलेले बंधू’ म्हटलं गेलं आणि त्यांचा बाप्तिस्मा हेच परस्परांमधलं खरं नातं मानलं गेलं. ख्रिस्ताने स्थापलेलं चर्च कॅथलिक चर्चमध्ये पूर्णत्वाने नांदतं, हा दावा मात्र सोडला नाही. त्या आज्ञापत्रावर सही करून अकराव्या दिवशी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर तेव्हा आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषद, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या संस्काराला वाहिलेला कॅथलिकांचा मेळावा, भरली होती. व्हॅटिकन परिषदेच्याच सुधारणांमुळे पुढे लॅटिनऐवजी मराठीत, कोकणीत मिस्सा ऐकू येऊ लागला.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, केरळचे मार थोमा अशा वेगवेगळ्या चर्चेसचे लोक एका ठिकाणी जमतात आणि येशूने शिकवलेली प्रार्थना एका सुरात सुरू होते. ‘वाइटापासून आम्हांला सोडव’ इथे कॅथलिक सवयीने थांबतात, कारण मिस्सामध्ये तिथे फादर मध्येच बोलतात. बाकीचे मात्र ‘कारण राज्य, पराक्रम आणि गौरव’ म्हणत पुढे गेलेले असतात. मग एक-दोन बाकांवर ओशाळं हसू, आणि मागे राहिलेले घाईने सूर पकडतात.