नाशिकच्या दुकानातली बंदूक आणि परराज्यातून आणलेली बंदूक: लायसन्स तेच, कागद वेगळे

शस्त्राचं लायसन्स हातात पडलं की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘इथल्या दुकानात काय ठेवलंय, सरळ कानपूरहून आण.’ दुसरा, ‘लायसन्स आहे ना, मग कुठूनही घे.’ पहिला सल्ला कधीकधी बरोबर असतो. दुसरा मात्र चुकीचा आहे, आणि पुढच्या बहुतेक भानगडी त्याच्यातूनच उभ्या राहतात.

लायसन्सवर तीन नोंदी नीट वाचायच्या. हत्याराचा प्रकार आणि बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा आकडा, कोणता, काडतुसं एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, आणि तिसरी म्हणजे क्षेत्र. पहिल्या दोन नोंदी सगळे वाचतात. क्षेत्राच्या रकान्यात ‘नाशिक जिल्हा’ आहे, ‘महाराष्ट्र राज्य’ आहे की ‘संपूर्ण भारत’, हे मात्र अनेकांना दुकानदारानं विचारल्यावर कळतं. या रकान्याचं वजन किती, ते आपल्याकडे सहज कळतं. सुरगाण्याकडून हातगड ओलांडलं की सापुतारा, म्हणजे गुजरातचा डांग जिल्हा. लायसन्सवर ‘महाराष्ट्र राज्य’ असेल आणि कमरेला रिव्हॉल्व्हर लावून तुम्ही तिथं थंड हवा खायला गेलात, तर हत्यार तेच, माणूस तोच, पण लायसन्स मागे हातगडलाच राहिलं. परराज्यातल्या खरेदीतही नेमकं हेच घडतं. हत्याराचा प्रवासच तुमच्या क्षेत्राबाहेर सुरू होतो.

आधी स्थानिक खरेदी, कारण ती सोपी आहे. परवाना अधिकारी कोण, हे साधारणपणे राहत्या पत्त्यावर ठरतं. नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, आणि सिन्नर, निफाड, ओझर, मालेगाव अशा बाकीच्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी.  दुकानात मूळ लायसन्स, ओळखपत्र आणि पॅन घेऊन जायचं. झेरॉक्सवर कोणताही शहाणा डीलर हत्यार दाखवण्यापलीकडे काही करत नाही. लायसन्सवरचा यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक, तो पाहतो. हा क्रमांक नसेल तर लायसन्स वैधच नाही. मग तो हत्याराचा मेक, बोअर आणि नंबर लायसन्सवर लिहितो, शिक्का मारतो, आपल्या रजिस्टरला नोंद करतो आणि परवाना कार्यालयाला कळवतो. यानंतर हत्यार पडताळणीसाठी दाखवायचं. काही अडलंच, तर दुकान आणि कार्यालय दोन्ही एकाच गावात. दुपारी जाऊन दुरुस्त होतं.

अडतं ते नंबरात. फ्रेमवर कोरलेला नंबर आणि लायसन्सवर लिहिलेला नंबर काउंटरवरच एकेक अंक बोट ठेवून जुळवा. ३ चा ८ होणं, १ आणि ७ यांची अदलाबदल होणं, पुढचं अक्षर गळणं, हे नेहमीचं. जुन्या बंदुकीवर नंबर झिजलेला किंवा घासलेला दिसला तर व्यवहार तिथंच सोडा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखखूण पुसणं हा गुन्हा आहे, आणि अशी खूण तुमच्या ताब्यातल्या हत्यारावर पुसलेली सापडली तर ती तुम्हीच पुसली असं गृहीत धरलं जातं.

मग बाहेर जायचं कशाला? खरं कारण एकच, निवड. सरकारी बनावटीचं .३२ रिव्हॉल्व्हर कानपूरचं, .३२ ‘अशनी’ पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरचं. कारखान्याकडून थेट घेतलं की मधला नफा वाचतो. ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने जुन्या आयुध निर्माणी मंडळाऐवजी नव्या सरकारी कंपन्यांकडे आहेत, त्यामुळे जुने फॉर्म आणि जुने पत्ते घेऊन निघू नका. बाराबोरसाठी मुंगेर आणि जम्मूच्या परवानाधारक कारखान्यांची नावं निघतात. आणि सामान्य माणसाला नवं विदेशी हत्यार आयात करणं कित्येक वर्षं जवळपास बंदच असल्यानं, जुन्या इंग्रजी-जर्मन बंदुका ज्या शहरांत जास्त फिरतात तिकडे शौकीन जातात. कर वाचेल या आशेनं मात्र कुणी जाऊ नये. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि दर देशभर एकच. प्रवास, मुक्काम आणि दुसरी खेप धरली तर किमतीतला फरक बऱ्याचदा रेल्वेच्या तिकिटातच विरघळतो.

आता कागद. लायसन्सवर ‘संपूर्ण भारत’ असेल तर काम बरंच हलकं होतं. कानपूरचा विक्रेता लायसन्सची खातरजमा करतो, नोंद करतो, आणि तुम्ही हत्यार घेऊन येऊ शकता. ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर दोन जास्तीच्या गोष्टी लागतात, आणि या दोघींची गल्लत सतत होते. एक, आपल्या परवाना अधिकाऱ्याची एनओसी, म्हणजे अमुक विक्रेत्याकडून अमुक हत्यार घ्यायला हरकत नाही असं पत्र. दुसरी, वाहतूक परवाना, ज्याला या धंद्यात सगळे टीएल म्हणतात. एनओसीनं खरेदीचं दार उघडतं. रस्ता टीएलनं मिळतो. एनओसी खिशात आहे म्हणून हत्यार गाडीत टाकून आग्रा रोडनं निघालात, तर सेंधव्याच्या नाक्यावर तुमच्याजवळ हत्यार कायदेशीर विकत घेतल्याचा पुरावा असेल, ते मध्य प्रदेशातून नेण्याचा मात्र नसेल.

क्रम असा ठेवा. आधी विक्रेत्याकडून हत्याराचा नंबर, मेक आणि बोअर लिहिलेलं कोटेशन मागवा. ते जोडून इथल्या कार्यालयात अर्ज करा, आणि टीएल इथून मिळणार की विक्रेत्याच्या जिल्ह्यातून, हे त्याच वेळी लेखी विचारून घ्या. कागद हातात आल्यावर पैसे. लोक नेमकं उलटं करतात. आधी पूर्ण रक्कम भरतात, मग अर्ज. दरम्यान तो नग दुसऱ्याला विकला जातो, विक्रेता ‘तसंच दुसरं आहे’ म्हणतो, आणि नव्या नंबरासाठी एनओसी पुन्हा पहिल्यापासून. टीएलला उशीर होत असेल तर हत्यार परवानाधारक डीलरकडेच ठेवायला सांगा. त्याच्याकडे ते कायदेशीर पडून राहू शकतं, तुमच्या मेव्हण्याच्या कानपूरच्या घरी नाही. आणि ‘कुरिअरनं पाठवतो’ किंवा ‘माझा माणूस नाशिकला पोहोच करेल’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा.

चूक झाली तर किती महागात पडते? लायसन्सच्या अटीचा भंग मानला गेला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण क्षेत्राबाहेर बाळगणं म्हणजे विनापरवाना बाळगणं, अशी मांडणी झाली तर प्रकरण कलम २५ मध्ये जातं, आणि तिथं २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन, कमाल पाच वर्षं आहेत. याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्कानं आलेली धरून. आजोबांची बाराबोर आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर नावावर असेल तर कानपूरचा विचारच नको.

डीलर नाही, खासगी माणसाकडून घेताय? मग राज्य कोणतंही असो, ४५ दिवसांची अट आहे. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत तुमच्याकडेही हवी. गंगापूर रोडवरच्या शेजाऱ्याकडून घेताना हे दीड महिने सहज निघतात. इंदूरच्या माणसाकडून घेताना दोन खेपा ठरलेल्या.

दूरच्या खरेदीत आणखी एक फसगत होते, ती बोअरच्या आकड्यात. ‘.३२’ एवढंच लिहून भागत नाही. सरकारी .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि कडा असलेलं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ‘अशनी’ पिस्तुलाचं आखूड, ७.६५ मिलिमीटरचं. आकडा एक, काडतूस वेगळं. लायसन्सवर ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिलं असेल आणि तुम्ही पिस्तूल उचललं तर पडताळणीत अडकणारच. जुन्या इंग्रजी बाराबोरचा चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असू शकतो. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, बंदूक बंदही होते, पण उडताना काडतुसाच्या तोंडाची घडी उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. चेंबर मोजून घ्या. नळीत उजेड टाकून खड्डे बघा, बंदूक बंद करून नळी हलवा. बिजागरीत खटखट जाणवली तर ती नाशिकला आल्यावर कमी होणार नाही. आणि स्वस्तात ९ मिलिमीटर किंवा .३०३ मिळतंय असं कुणी सांगितलं, तर तो निषिद्ध बोअर आहे. नेहमीच्या लायसन्सवर तो येतच नाही, कुठल्याच राज्यात.

शेवटची गल्लत सगळ्यात धोक्याची. परराज्यातलं हत्यार एक, परराज्यातलं लायसन्स दुसरं. ‘इथं मिळत नाही ना, जम्मूचं काढून देतो’ म्हणणारे एजंट आहेत. जम्मू-काश्मीरमधून बाहेरच्यांना नियम डावलून दिलेल्या लायसन्सांचं प्रकरण २०१७ मध्ये राजस्थान एटीएसनं उघडलं आणि पुढे ते सीबीआयकडे गेलं. तुम्ही तिथं राहतच नाही, तर ते लायसन्स पडताळणीत टिकणार कसं? खरोखर दुसऱ्या राज्यातून बदली होऊन लायसन्स-हत्यारासह नाशिकला राहायला आला असाल तर गोष्ट वेगळी. मग ३० दिवसांच्या आत इथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं आणि दोन्ही दाखवायचं.

जाता जाता, निफाड-सिन्नरच्या उसातले शेतकरी विचारतात म्हणून. पीकरक्षणासाठी लायसन्स मिळू शकतं, पण ते मुख्यतः डुकरं-माकडं आवाज करून हाकलायला उपयोगी. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बंदूक नाशिकची असो की मुंगेरची, त्याच्यावर ती रोखायची नाही.

परतीच्या प्रवासात हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि लायसन्स, पावती, एनओसी, टीएल एका फाइलीत, डिकीत न ठेवता हाताशी. घरी पोहोचल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी हत्यार पडताळणीला न्या. कानपूरच्या दुकानदारानं नंबर लिहिताना केलेली चूक तिथं सापडली, तर ती दुरुस्त करून घ्यायला पुन्हा कानपूरच.